मर्डोनं बांधलेली गाठ

मी एक जुनी, एका पायानं अधू झालेली काठी आहे, मित्रांनो. खरं म्हणजे मी दोन काठ्यांची मिळून एक आहे. वरच्या टोकापासून चार बोटं खाली बोल्ट घालून दोन काठ्या जोडल्या, की खाली पाय फाकवता येतात आणि वर बेचकं तयार होतं. त्या बेचक्यात रायफल टेकवायची. इंग्रजीत मला शूटिंग स्टिक्स म्हणतात. मराठीत मला नाव नाही. आमच्या घरच्या सुलक्षणाबाई मला 'तुमच्या त्या तंगड्या' म्हणतात. इतक्या वर्षांत त्याहून बरं नाव कुणी दिलं नाही, तेव्हा तेच धरून चाला.

तुम्ही शाळेत छत्रीचं, फळ्याचं, पडक्या विहिरीचं आत्मवृत्त लिहिता. शेवटी सगळे 'आम्हाला जपा हो' म्हणून डोळे पुसतात. मला कुणी जपायला नको. मला राग आलाय, आणि तो बारा वर्षं साठलाय. ऐकायचा तर ऐका.

माझा जन्म स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरात झाला, १९८१ च्या हिवाळ्यात. तिथं मर्डो नावाचा एक स्टॉकर होता. स्टॉकर म्हणजे शिकारीला आलेल्या पाहुण्यांना हरणापर्यंत पोचवणारा माणूस. हरणं कुठं चरताहेत, वारा कुठून येतोय, कधी सरपटायचं, कधी गप्प पडून राहायचं, सगळं तो ठरवणार. पाहुण्यानं त्याच्या मागं जायचं आणि तो सांगेल तेव्हाच चाप ओढायचा. या मर्डोनं ओढ्याकाठच्या हेझलच्या झाडाच्या दोन सरळ फांद्या तोडल्या, शेडच्या आढ्याला टांगून वर्षभर वाळवल्या आणि तेल पाजलं. जुन्या होडीतला पितळी बोल्ट बसवला, बेचक्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, आणि पायांना रिकाम्या काडतुसांची टोपणं ठोकली. चालताना माझे पाय एकमेकांवर आपटून आवाज होऊ नये म्हणून तो मला चामड्याच्या वादीनं बांधून ठेवायचा. त्या वादीची गाठ त्याची स्वतःची होती. दोन वेढे, एक आतून, आणि शेवटी दातांनी ओढून घट्ट. पावसात चामडं भिजलं की ती गाठ त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला सुटायची नाही.

त्या डोंगरावर हेदर नावाचं झुडूप गुडघाभर वाढतं. पोटावर आडवं पडलात तर समोर नुसती झुडपंच दिसतात, आणि उभे राहिलात तर हरणाला तुम्ही दिसता. म्हणून बसायचं. मातीत टाचा रोवायच्या, गुडघे वर घेऊन जरा फाकवायचे, दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवायची. मग माझे पाय पुढं रोवायचे, बेचक्यात रायफल ठेवायची, आणि डाव्या मुठीत मला नि रायफलीला एकत्र पकडून अंगाकडे किंचित ओढून धरायचं. अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं. एवढं जमलं की अडीचशे यार्डांवरचं हरीण दुर्बिणीत जराही हलत नाही. मी नसले तर तीच दुर्बीण छातीच्या प्रत्येक ठोक्याला उड्या मारते. मर्डोचा नियमच होता, दीडशे यार्डांच्या पुढं या काठ्यांशिवाय गोळी सुटता कामा नये. नेम वीतभर चुकला तर हरीण मरत नाही. पोटात गोळी घेऊन पळतं आणि कुठंतरी तळमळत पडतं.

पाहुण्यांना हे पटायचं नाही. मोठमोठी माणसं यायची, महागडे बूट घालून, आणि मला बघून म्हणायची, "मर्डो, मी काय म्हातारा झालो का रे?" मर्डो हसायचा आणि मला पाठीवर टाकायचा. तो राहायचा मालकाच्या घरात आणि हे मालकाचे पाहुणे, तो काय बोलणार.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर श्रीनिवास आले. जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात ते सर्जन होते, रजिस्ट्रारच्या, म्हणजे मोठ्या सर्जनच्या हाताखालच्या हुद्द्यावर. पुण्याहून येऊन अकरा वर्षं झालेली, मुलगी मीनल इथंच जन्मलेली. जन्मात कधी अंडंसुद्धा न खाल्लेला माणूस! त्यांना डोंगरावर आणलं ते त्यांच्या साहेबांनी, मिस्टर हॅलिडेंनी. हॅलिडे त्या विभागाचे मुख्य सर्जन, म्हणजे कन्सल्टंट. सगळे त्यांना मिस्टर म्हणायचे, इथं सर्जनला तसंच म्हणतात, पण श्रीनिवास एकटे 'सर' म्हणायचे. पुण्याच्या कॉलेजातली सवय, जिभेवरून गेली नव्हती.

ते का आले हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्या वर्षी एकदा सुलक्षणाबाई आणि नऊ वर्षांची मीनल त्यांना न्यायला गाडी घेऊन आल्या होत्या. मी शेडच्या दाराला टेकून होते.

"अहो, हरणं मारून कन्सल्टंट होतात का इथं?" बाई गाडीतूनच म्हणाल्या.

"हळू बोल जरा. अगं, इथं इंटरव्ह्यू नुसता टेबलावर होत नाही. आधी इथं डोंगरावर होतो. या जागेचे मालक कर्नल आहेत ना, ते हॉस्पिटलच्या बोर्डावर आहेत. सर दोन-तीन वर्षांत रिटायर होतील. त्यांची जागा निघेल तेव्हा या लोकांना मी माहीत तरी पाहिजे."

"तुम्ही ऑपरेशनं चांगली करता ते नाही का माहीत त्यांना?"

श्रीनिवासांनी बूट काढून गाडीत टाकले आणि गाडीत बसले.

तर मित्रांनो, त्या माणसाला पाहिजे होतं ते एवढंच, कन्सल्टंटची जागा आणि चांगलं नाव. त्यात वाईट काय होतं? आणि त्यासाठी तो शिकला, कसा शिकला म्हणून सांगू! मर्डोनं दाखवलं तसं बसायचा, टाचा रोवायचा, मला अंगाकडे ओढून धरायचा. इतर पाहुण्यांच्या मुठीत मला घामाची थरथर जाणवायची. याच्या मुठीत काही जाणवायचं नाही. अडीचशे यार्डांवरच्या पुठ्ठ्यावर पाच गोळ्या मारल्या तर पाचही बशीखाली झाकतील एवढ्या जागेत. मर्डो पुठ्ठा काढून आणायचा आणि कुणाला दाखवू असं त्याला होऊन जायचं.

पुढल्या वर्षी त्यांनी पहिलं हरीण मारलं. जागच्या जागी कोसळलं. सगळे पाठ थोपटत होते आणि श्रीनिवास एका खडकामागं जाऊन ओकले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. मर्डोला म्हणाले, "तुला एक सांगतो. मारायचंच असेल तर त्या मुक्या जनावराला कळता कामा नये. या काठ्यांशिवाय मी कधी चाप ओढणार नाही. किती का जवळ असेना." मर्डोनं मान डोलावली. श्रीनिवासांनी हा शब्द पाळलाही. मी सोबत असायचेच ना, मला माहीत आहे.

हॅलिडेसाहेब मात्र मला कधी हात लावायचे नाहीत. त्याला कारण होतं. साठीला टेकलेल्या त्या माणसाचा उजवा हात कापायला लागला होता. जरासाच, पण सर्जनचा हात तो. काठी घेतली तर लोक विचारतील, आता काठी का लागते? म्हणून घ्यायचीच नाही. हॉस्पिटलातही नाजूक टाके आले की ते श्रीनिवासांना म्हणायचे, "तू घाल, तुला अनुभव मिळेल." श्रीनिवास घालायचे आणि कुठं बोलायचे नाहीत. मर्डोपाशी एकदाच बोलले, तेही कौतुकानं. सर फार मोठ्या मनाचे आहेत म्हणे! मोठ्या मनाचे! अहो डॉक्टर, तुमचे डोळे काय फक्त ऑपरेशनपुरते होते?

१९८६ चा ऑक्टोबर. नर मारायचा हंगाम संपायला चार दिवस राहिलेले. त्या दिवशी पाळी श्रीनिवासांची होती, म्हणजे हरीण त्यांनी मारायचं. डोंगरावर तिघंच, मर्डो, हॅलिडेसाहेब आणि श्रीनिवास, आणि मिळून रायफल एक. सकाळपासून रिपरिप पाऊस. एका उंचवट्याआड पोचल्यावर मर्डोनं दोघांना बसवलं. रायफल म्यानात, मी शेजारी हेदरमध्ये, वादी भिजून घट्ट झालेली. "मी पुढं सरपटत जाऊन बघून येतो," मर्डो म्हणाला, "तोवर कुणी हलायचं नाही." आणि तो उंचवट्यापलीकडं गेला.

तो दिसेनासा झाला आणि डावीकडच्या उतारावर एक नर बाहेर आला. भला मोठा, शिंगांना बारा टोकं. असेल तीनशे यार्डांवर. श्रीनिवासांनी श्वास रोखला. पण हात उचलला तो हॅलिडेसाहेबांनी. म्यानातून रायफल काढली, काडतूस आत सारलं आणि गुडघ्यावर उठले.

"सर, मर्डो येऊ दे. सर, काठ्या तरी..." श्रीनिवास कुजबुजले.

"शू," साहेब म्हणाले.

मला दिसत होतं, रायफलीचं तोंड गोल गोल फिरत होतं. मी तिथंच होते हो, हातभर अंतरावर! बांधलेली. गोळी सुटली आणि त्या नराची पाठ एकदम वाकली. पोटात बसली होती. तो पडला, उठला, मागचा पाय ओढत उतारापलीकडं गेला.

मर्डो धावत परत आला. रायफल दोघांच्या मध्ये हेदरवर पडलेली. साहेब आपल्या हाताकडे बघत बसले होते, तोंड पांढरंफटक.

"कुणी मारली?" मर्डोनं विचारलं.

साहेब काही बोलले नाहीत. मी वाट बघत होते, मर्डो वाट बघत होता.  आणि मग श्रीनिवास म्हणाले, "मी. माझी चूक झाली, मर्डो. माफ कर."

मित्रांनो, तुम्ही विचाराल, असं कुणी करतं का? आपल्याकडे करतात. मोठ्यांचा मान चारचौघांत जाऊ द्यायचा नाही, त्यांचं चुकलं तर आपल्यावर घ्यायचं, मग ते मोठेपणानं आपल्याला सांभाळून घेतात, हे श्रीनिवासांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यांना वाटलं सर एकांतात खांद्यावर हात ठेवतील, आणि उद्या नाहीतर परवा खरं काय ते कर्नलना सांगतील. पण सरांना ते शिकवलंच नव्हतं कुणी. त्यांच्या लेखी, तू म्हणालास तू मारलीस, तर तूच मारलीस.

मर्डोनं खाली बघितलं. माझ्याकडे. त्याची गाठ जशीच्या तशी होती, ओली, घट्ट. श्रीनिवासांनी त्याला शब्द दिला होता, माझ्याशिवाय चाप ओढणार नाही. त्याला कळलं. त्याच वेळी कळलं! त्यानं मला उचललं, पाठीवर टाकलं आणि म्हणाला, "चला, रक्त कुठं सांडलंय बघू." बस, एवढंच.

अंधार पडेपर्यंत शोधलं. सापडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्र्यानं त्याला ओढ्यात शोधून काढलं. तासनतास जिवंत असावा, आजूबाजूचं सगळं गवत उखडलेलं होतं. श्रीनिवास तिथं उभे होते. त्यांनी हात जोडले, मर्डोसमोरच.

त्या रात्री लॉजवर, म्हणजे कर्नलच्या शिकारी बंगल्यावर, जेवायला कर्नल होते, आणखी चार-पाच बडी मंडळी होती. मला ओल लागू नये म्हणून मर्डोनं शेकोटीपाशी ठेवलं होतं. कुणीतरी विषय काढला. आणि हॅलिडेसाहेब काय म्हणाले ठाऊक आहे? "जाऊ द्या. तरुण माणसं जोशात येतात. आपणही कधीतरी केलंच आहे." सगळे म्हणाले, काय मोठं मन आहे! त्यांनी माफ केलं, बघा. ज्यानं मारलं त्यानं, ज्यानं मारलं नाही त्याला, सगळ्यांदेखत माफ केलं. श्रीनिवास ताटाकडे बघत म्हणाले, "थँक यू, सर." मी लाकूड आहे, पण त्या क्षणी शेकोटीत पडून जळावंसं वाटलं मला.

फेब्रुवारीत साहेबांच्या जागेचा इंटरव्ह्यू झाला. समितीवर कर्नल होते, साहेबही होते. नंतर कर्नलनी मर्डोला सांगितलं, तेही सहज, कुत्र्याला बिस्किट घालता घालता. "तुझा तो डॉक्टर हुशार आहे रे. पण घाई करतो. पेशंट कसे सोपवायचे अशा माणसाच्या हातात?" मर्डोच्या पाठीवर मी होते. म्हटलं, आता बोल. आता तरी बोल! मर्डो म्हणाला, "येस, कर्नल." जागा दुसऱ्याला गेली. साहेबांनी श्रीनिवासांना शिफारसपत्र मात्र झकास दिलं. 'अत्यंत निष्ठावान' असं लिहिलं होतं त्यात. हातांबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्यानं आपलं झाकून घेतलं त्याचं तोंड रोज बघायला नको असतं माणसाला, म्हणून पत्र झकास.

त्या उन्हाळ्यात श्रीनिवासांनी लेस्टरला नोकरी धरली. साधी, कायम दुसऱ्याच्या हाताखालची. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला आले तेव्हा मर्डोनं मला त्यांच्या हातात दिलं. "घेऊन जा, डॉक्टर. मला काही उपयोग नाही यांचा. यांना नीट धरणारे तुम्ही एकटेच होतात." बोलताना तो गाडीच्या चाकाकडे बघत होता. त्या दिवसापासून गाठ त्यानं सोडलीच नव्हती. श्रीनिवासांनीही त्या गाठीकडे बघितलं. दोघांना कळत होतं, आणि दोघं हवेबद्दल बोलले. पाऊस येईल म्हणाले.

गाडीत मागं मीनल बसली होती, बारा वर्षांची. मला बघून ती दाराला चिकटली.

"हे कशाला आणलं?"

"मर्डोनं भेट दिली, बेटा."

"शाळेत सगळे म्हणतात, तुम्ही त्या हरणाला मारून सोडून दिलं. ते ऑल नाईट रडत होता. खरंय ते?"

गाडी सुरू झाली होती. सुलक्षणाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनासुद्धा त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, इथं कोण सर आहेत? पोटची पोर आहे, हिला तरी सांग. श्रीनिवास म्हणाले, "झालं ते झालं." मीनल पुढं लेस्टर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

लेस्टरच्या दिवसांबद्दल काय सांगू! पहिली काही वर्षं जिन्याखालच्या कपाटात, केर ओढायच्या हूवरच्या मागं. पोटमाळ्याची झडप वर ढकलायला माझा उपयोग व्हायचा. गणपतीत मखराला मागून टेकू म्हणून मला लावायचे, वर झिरमिळ्या सोडून. बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्याकडच्या लोकांच्या दुकानांतून आणलेल्या फुलांच्या माळा माझ्यावर लटकायच्या. मीनल आरतीला उभी राहायची, पण मला हात लावायची नाही. ती मोठी झाली, मेडिकलला गेली, बापाशी बोलायची ते परीक्षेचं आणि गाडीचं. एकदा बाहेरच्या खोलीत मैत्रिणीला सांगताना ऐकलं मी, "माय डॅड? ही इज नाइस. पण अडचण आली ना, की ही जस्ट वॉक्स अवे." श्रीनिवास जिन्यात उभे होते. त्यांनीही ऐकलं, आणि पाय न वाजवता परत वर गेले.

आणि १९९६ च्या मे महिन्यात सुलक्षणाबाईंनी परसात घेवडा लावला. वेल चढवायला काठ्या कमी पडल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, गाठ सोडायचा प्रयत्न केला, जमेना. "काय मेली गाठ घातलीय!" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातून कात्री आणली. दहा वर्षं! दहा वर्षं त्या गाठीत खरं काय ते बांधलेलं होतं. बाईंनी ती कचकन कापली आणि वादी कचऱ्यात टाकली. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलं होतं? माझे पाय मातीत खुपसले. घेवडा मात्र चांगला आला त्या वर्षी, सगळ्या गल्लीत वाटला. त्याच हिवाळ्यात मर्डो वारल्याचं पत्र आलं. हॅलिडेसाहेब त्याआधीच गेले होते. हॉस्पिटलच्या पत्रिकेत त्यांच्यावर लेख आला होता, कुशल सर्जन, अचूक नेमबाज. श्रीनिवासांनी तो कापून ड्रॉवरमध्ये ठेवला. का ठेवला, त्यांनाच ठाऊक.

आता शेवटचं सांगते. १९९८ चा जुलै. मीनल मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात नवी डॉक्टर, हाऊस ऑफिसर. शनिवारी सकाळी न कळवता घरी आली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि मी बाहेर, खिडकीसमोरच, वेलीत गुंतलेली.

"आई, चहा नको. बाबा, मला विचारायचंय." ती खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. "आमचा रजिस्ट्रार आहे ना, त्यानं चार्टवर डोस चुकीचा लिहिला. दहा टाइम्स जास्त. पेशंट वाचली, पण तिची किडनी गेली. आता एन्क्वायरी आहे. तो म्हणतो, तू सांग की तू लिहिला. हाऊस ऑफिसरला कोणी फार बोलत नाही, त्याची कन्सल्टंटची पोस्ट जाईल. म्हणतो, तुला पुढचा जॉब मी बघतो. माझा चूक नाहीये, बाबा. पण तो सीनियर आहे. काय करू?"

श्रीनिवासांचं तोंड उघडलं. मला माहीत होतं काय निघणार ते. निघालंही. "अगं, सीनियर आहेत ते, जरा सांभाळून..."

तिथं ते अडकले. खिडकीतून समोर मी होते. वेलीत गुंडाळलेली, पायाशी गोगलगायी. त्यांनी कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलं. मग ते तसेच सपाता घालून बाहेर आले आणि वेलीसकट मला उपटलं.

"अहो, माझा घेवडा!" सुलक्षणाबाई ओरडल्या.

त्यांनी मला टेबलावर आदळलं, मातीसकट, आणि बोलायला लागले. पाऊस, मर्डो, ते नर हरीण, सरांचा हात, 'मी मारलं' म्हटलं ते, सगळं. थांबलेच नाहीत. सुलक्षणाबाई पदर तोंडाला लावून उभ्या. मीनल ऐकत होती, हात घट्ट बांधून.

"बाबा, आता म्हणता," ती शेवटी म्हणाली. "आता सगळे मेले. मला कसं खरं वाटणार?"

"गाठ होती," ते म्हणाले. "मर्डोची गाठ सुटलेली नव्हती. ती बघ, इथं..." त्यांनी मला उलटंसुलटं केलं. वादी शोधत होते ते.

"ती मी कापली," सुलक्षणाबाई म्हणाल्या.  "घेवड्यासाठी. मला काय माहीत?"

 मित्रांनो, मी पुरावा होते. अकरा वर्षं त्याच घरात, दहा पावलांवर. आणि मला तोंड नव्हतं.

मग श्रीनिवास जमिनीवर बसले. बावन्नाव्या वर्षी, स्वयंपाकघराच्या लिनोलियमवर. टाचा रोवल्या, गुडघे वर घेतले, कोपरं आत टेकवली. ओट्यावरचं लाटणं उचलून माझ्या बेचक्यात ठेवलं, मूठ आवळली, मला अंगाकडे ओढलं. "मी असाच बसतो, मीनल. दुसरं येतच नाही मला. असं बसल्याशिवाय मी आयुष्यात गोळी मारली नाही." अर्धा श्वास सोडला. थांबले. मला त्यांच्या मुठीत काही जाणवलं नाही, चौदा वर्षांपूर्वी जाणवत नव्हतं तसंच. लाटण्याचं टोक केसभरही हललं नाही. मीनल डॉक्टर होती, तिला हात बघता येत होते. ती खाली उकिडवी बसली आणि त्या मुठीकडे बघत राहिली.

आणि माझा उजवा पाय मोडला. दोन वर्षं मातीत कुजलेला, टोपणाच्या वर कटकन मोडला. लाटणं घरंगळत टेबलाखाली गेलं.

"तुम्ही नव्हतंच मारलं," मीनल म्हणाली. रडत होती, आणि तिला रागही आला होता. "मग मला का नाही सांगितलं? त्यांना नाही सांगितलं, ओके. मी बारा वर्षांची होते, बाबा! मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही... मला का लाय केलंत?"

श्रीनिवासांनी टेबलाखाली हात घालून लाटणं बाहेर काढलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून सापडलेलं नाही.

मीनलनं रजिस्ट्रारची चूक आपल्यावर घेतली नाही. तिनं खरं काय ते लिहून दिलं. तुम्हाला वाटेल, मग तिचा सत्कार झाला असेल. कसला आलाय! तिचा पुढचा जॉब गेला, तिथल्या सीनियर लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि ती दुसऱ्या गावात कमी पगारावर गेली. रविवारी फोन करते. आईशी वीस मिनिटं, बापाशी पाच. पूर्वी दोन असायची. तेवढाच फरक.

जाताना ती मला घेऊन गेली. आता मी तिच्या फ्लॅटच्या दारामागं एका पायावर उभी आहे. माझ्यावर कुणी रायफल टेकवणार नाही, घेवडासुद्धा चढणार नाही, आणि मला दुरुस्त करून तेल पाजा असं मी म्हणतही नाही. ज्या दिवशी मला उघडायला हवं होतं तो दिवस गेला.

पण मित्रांनो, तुमच्यासमोर कधी कुणी दुसऱ्याचं पाप उचलायला वाकलं, किंवा तुम्हीच वाकलात, तर मला आठवा. सगळ्या जगाला सांगायची हिंमत नसेल तर निदान घरी जेवताना आपल्या माणसांना खरं सांगा, त्याच दिवशी सांगा. मला तर मर्डोनं वादीनं बांधून ठेवलं होतं. तुम्हाला कुणी बांधलंय?